लिंक तोडली तरी एक्सेल विचारतंच: बाहेरच्या फाइलकडे जाणाऱ्या लिंक्स कुठे लपतात आणि त्या कशा काढायच्या

नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की गृहनिर्माण सोसायट्यांच्या खजिनदारांकडून एक तक्रार हमखास येते. हिशेबाची नवी फाइल उघडली की एक्सेल सांगतं, या फाइलमध्ये बाहेरच्या स्रोतांकडे जाणाऱ्या लिंक्स आहेत, अपडेट करायच्या का? 'अपडेट' दाबावं तर म्हणतं, फाइल सापडत नाही. 'डोन्ट अपडेट' दाबावं तर तेवढ्यापुरतं गप्प बसतं आणि उद्या पुन्हा तोच प्रश्न. मग कुणीतरी सांगतं, 'डेटा' टॅबमध्ये 'एडिट लिंक्स' आहे, तिथं 'ब्रेक लिंक' दाबा. दाबलं की यादीतल्या काही ओळी जातात, एखादी मात्र हलत नाही. कितीही वेळा दाबा, ती तिथंच.

याचं कारण साधं आहे. ब्रेक लिंक मुख्यतः सेलमधल्या फॉर्म्युलांवर काम करतं. बाहेरची लिंक मात्र सेलखेरीज आणखी बऱ्याच जागी राहू शकते: सेलना दिलेल्या नावांत, ड्रॉपडाउन यादीत, कंडिशनल फॉरमॅटिंगच्या (अटीप्रमाणे सेलचा रंग बदलणाऱ्या) नियमात, चार्टमध्ये, बटणाला जोडलेल्या मॅक्रोत (म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये). तिथवर ते बटण बहुतेक वेळा पोहोचत नाही. शिवाय जिथं पोहोचतं तिथंही ते एकच गोष्ट करतं, फॉर्म्युला पुसून त्या क्षणीचा आकडा कायमचा ठेवून देतं. कधी तेच हवं असतं, कधी त्यानं नुकसान होतं. म्हणून माझा क्रम असा: आधी लिंक शोधायची, मग ती इथं का आली ते बघायचं, मग तिचं काय करायचं ते ठरवायचं. ब्रेक लिंक सगळ्यात शेवटी.

आणि काहीही करण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. ब्रेक लिंक केल्यावर कंट्रोल-झेडनं मागे येता येत नाही.

आधी इशारा नीट वाचा

फाइल उघडल्यावर वर दिसणारी पिवळी पट्टी नेहमी एकच नसते. 'ऑटोमॅटिक अपडेट ऑफ लिंक्स हॅज बीन डिसेबल्ड' असं लिहिलं असेल तर ही दुसऱ्या वर्कबुककडे जाणारी लिंक, म्हणजे या लेखाचा विषय. 'एक्स्टर्नल डेटा कनेक्शन्स हॅव बीन डिसेबल्ड' असं असेल तर प्रकरण वेगळं. फाइलमध्ये पॉवर क्वेरी (बाहेरून माहिती आणणारी एक्सेलची सोय) किंवा एखादं डेटाबेस कनेक्शन आहे. ते एडिट लिंक्समध्ये शोधत बसू नका, 'डेटा' टॅबवरच्या 'क्वेरीज अँड कनेक्शन्स'मध्ये सापडेल. आणि निळ्या अक्षरांत अधोरेखित दिसते ती हायपरलिंक, तिचा यातल्या कुठल्याच इशाऱ्याशी संबंध नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५च्या नव्या आवृत्त्यांत एडिट लिंक्सऐवजी 'वर्कबुक लिंक्स' असं बटण दिसतं आणि यादी उजवीकडच्या पट्टीत उघडते. काम तेच. ब्रेक लिंक करडं पडलं असेल आणि दाबताच येत नसेल, तर बहुतेक वेळा एखादी शीट 'प्रोटेक्ट' केलेली असते. 'रिव्ह्यू' टॅबमधून सगळ्या शीट्सचं संरक्षण आधी काढा.

जुन्या खिडकीत 'स्टार्टअप प्रॉम्प्ट' नावाचंही एक बटण आहे. तिथं 'इशारा दाखवू नका, लिंक्स अपडेटही करू नका' असा पर्याय मिळतो आणि पुष्कळ जण तो निवडून मोकळे होतात. इशारा बंद होतो, लिंक आत तशीच राहते आणि आकडा कुठल्या जुन्या फाइलचा आहे हे पुढच्या खजिनदाराला कळायचा मार्गही बंद होतो. मी हा पर्याय कुणालाच सुचवत नाही.

सेलमध्ये शोधणं

बाहेरची लिंक असलेला फॉर्म्युला साधारण असा दिसतो (पडद्यावर इंग्रजी अक्षरांत):

='डी:\सोसायटी\[हिशेब २०२४-२५.एक्सएलएसएक्स]सदस्य'!सी१४

मूळ फाइल उघडी असेल तर फोल्डरचा पत्ता गळतो, फक्त चौकोनी कंसातलं नाव उरतं. वनड्राइव्हवरच्या फाइलची लिंक असेल तर ड्राइव्हच्या अक्षराऐवजी इंटरनेटचा पत्ता दिसू शकतो. घाबरायचं कारण नाही, फाइल तुमचीच असते.

शोधायला कंट्रोल-एफ, मग 'ऑप्शन्स'. 'विदिन'मध्ये 'वर्कबुक' आणि 'लुक इन'मध्ये 'फॉर्म्युलाज' निवडा. आता काय टाइप करायचं? पुष्कळ ठिकाणी डावा चौकोनी कंस शोधायला सांगतात. चालतं, पण दोन अडचणी येतात. फाइलमध्ये 'टेबल' वापरलं असेल तर टेबलच्या स्तंभांची नावंही चौकोनी कंसात येतात आणि निकालात शेकडो निरुपद्रवी ओळी भरतात. दुसरी अडचण उलटी: फॉर्म्युला जर दुसऱ्या फाइलमधल्या एखाद्या 'नावा'कडे बोट दाखवत असेल, तर त्यात चौकोनी कंस येतच नाही. म्हणून टिंब आणि त्याला लागून इंग्रजी एक्स आणि एल ही दोन अक्षरं शोधणं जास्त भरवशाचं. एक्सेलच्या जवळपास सगळ्या फाइल प्रकारांचं शेपूट तसंच सुरू होतं. मूळ फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) असेल तर ते वेगळं शोधा. 'फाइंड ऑल' दाबल्यावर शीट, सेल आणि फॉर्म्युला अशी यादी खाली येते; तिच्यातल्या ओळींवर क्लिक करत जाता येतं.

लपवलेल्या शीट्स विसरू नका. टॅबवर राइट क्लिक करून 'अनहाइड' केल्या की दिसतात. पण एक प्रकार असा आहे की ती शीट अनहाइडच्या यादीतही येत नाही. ऑल्ट-एफ११ दाबून व्हिज्युअल बेसिकची, म्हणजे मॅक्रो लिहायची खिडकी उघडा, डावीकडे सगळ्या शीट्सची नावं असतात. संशयित शीट निवडून एफ४ दाबा आणि 'व्हिजिबल' या गुणधर्मात 'व्हेरी हिडन' असेल तर तो बदला. कुणी तयार करून विकत दिलेल्या बिलिंगच्या फाइलींत असं बरंच सापडतं.

एक फॉर्म्युला मात्र एडिट लिंक्सच्या यादीत कधीच येत नाही: 'इनडायरेक्ट'. त्यात दुसऱ्या फाइलचा पत्ता अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे एक्सेलच्या दृष्टीनं ती लिंकच नव्हे. मूळ फाइल उघडी असेपर्यंत आकडा बरोबर येतो, ती बंद असली की रेफ ही त्रुटी. 'माझ्याकडे चालतं, ऑडिटरकडे चालत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच असतो. याचा भाऊबंद म्हणजे 'समइफ' आणि 'काउंटइफ'. ते लिंक म्हणून यादीत दिसतात, पण बंद फाइलमधून मोजत नाहीत, व्हॅल्यू ही त्रुटी देतात.

तोडायची की वळवायची

शोधलेल्या लिंक्स दोन जातींच्या असतात. त्यांच्यातला फरक न ओळखता तोडातोडी केली की वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

पहिली जात: लिंक मुद्दाम केलेली आहे. उदाहरणार्थ, या वर्षाची आरंभीची शिल्लक गेल्या वर्षीच्या ताळेबंदातून थेट आणलेली. गेल्या वर्षीचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत ही लिंक राहू द्यावी असं माझं मत. ऑडिटर एखादी नोंद फिरवतो आणि शेवटची शिल्लक बदलते, तेव्हा ती आपोआप इकडे आलेली बरी. ऑडिट झालं, सही झाली, की मात्र तो आकडा हलता कामा नये. तेव्हा लिंक तोडून आकडा गोठवायचा आणि शेजारच्या सेलमध्ये लिहून ठेवायचं की हा ऑडिट झालेल्या फाइलवरून घेतला, अमुक तारखेला. ब्रेक लिंकचा खरा उपयोग असल्या जागी.

दुसरी जात: लिंक अपघातानं आली आहे. 'पावती'ची शीट जुन्या फाइलमधून 'मूव्ह ऑर कॉपी'नं नव्या फाइलमध्ये आणली. तिच्यातला फॉर्म्युला सदस्याचं नाव 'सदस्य' शीटवरून घेत होता. नव्या फाइलमध्येही 'सदस्य' शीट आहे, पण फॉर्म्युला जुन्या फाइलच्याच शीटकडे बघत राहतो. इथं ब्रेक लिंक दाबलं तर पावतीवर गेल्या वर्षी जो सदस्य होता त्याचं नाव कायमचं छापलं जाईल. फ्लॅट विकला गेला, मालक बदलला, पावती मात्र जुन्याच नावानं. इथं लिंक तोडायची नाही, आत वळवायची.

त्यासाठीची युक्ती फार जणांना माहीत नसते. एडिट लिंक्समध्ये ती लिंक निवडा, 'चेंज सोर्स' दाबा आणि फाइल निवडायला सांगितलं की *आत्ता उघडी असलेलीच* फाइल निवडा. म्हणजे नव्या फाइलचा स्रोत तीच नवी फाइल. त्या नावाची शीट आत असेल तर एक्सेल सगळे फॉर्म्युले आतल्या शीटकडे वळवतं, बाहेरच्या फाइलचं नाव फॉर्म्युल्यातून जातं आणि लिंक यादीतून नाहीशी होते. शीटचं नाव जुळलं नाही तर कुठली शीट घ्यायची ते विचारतं. फाइल आधी सेव्ह केलेली हवी, आणि दोन्हीकडच्या शीटची मांडणी सारखी हवी. जुन्या फाइलमध्ये सी स्तंभात नाव आणि नव्यात सी स्तंभात फोन नंबर असेल तर काय होईल ते सांगायला नको.

नावांचं जंगल

सेल साफ झाले, तरी यादीत एक लिंक उरलीच असेल तर पहिला संशय 'नेम मॅनेजर'वर. कंट्रोल-एफ३ दाबा.

एक्सेलमध्ये एखाद्या सेलला किंवा पट्ट्याला नाव देता येतं, 'व्याजदर', 'सदस्ययादी' असं. शीट दुसऱ्या फाइलमध्ये गेली की तिच्याबरोबर ही नावंही जातात, आणि त्यांतली कित्येक जुन्या फाइलकडेच बोट दाखवत राहतात. शीट कॉपी करताना 'हे नाव आधीच आहे, तेच वापरू का?' असा प्रश्न ओळीनं येत राहतो तो यामुळेच. बहुतेक जण न वाचता 'यस' दाबत सुटतात. वर्षानुवर्षं कॉपी होत आलेल्या फाइलमध्ये मग कुणालाच आठवत नाहीत अशी शेकडो नावं साचतात. ती कुठल्याही फॉर्म्युल्यात वापरलेली नसतात, पण लिंक जिवंत ठेवायला एक पुरतं.

नेम मॅनेजरची खिडकी ओढून मोठी करा, 'रेफर्स टू' हा स्तंभ रुंद करा आणि त्यात चौकोनी कंस किंवा ड्राइव्हचा पत्ता दिसतो का ते बघत खाली या. 'नेम्स विथ एरर्स' हा फिल्टर सोयीचा आहे, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. जुनी फाइल अजून जागेवर असेल तर त्या नावात त्रुटी दिसण्याचं कारणच नाही.

उडवण्याआधी ते नाव कुठं वापरलंय का ते बघा. कोऱ्या शीटवर जाऊन एफ३ दाबा आणि 'पेस्ट लिस्ट' करा, सगळी नावं आणि त्यांचे पत्ते एकाखाली एक उतरतात. मग संशयित नाव कंट्रोल-एफनं फॉर्म्युलांमध्ये शोधायचं. कुठंच नसेल तर नेम मॅनेजरमधून काढून टाका. शिफ्ट धरून एकदम अनेक निवडता येतात. वापरात असेल तर तिथंच 'रेफर्स टू'मध्ये पत्ता दुरुस्त करा, म्हणजे ते नाव आतल्या शीटकडे वळेल.

याहून चिवट प्रकार म्हणजे लपलेली नावं. ती नेम मॅनेजरमध्ये दिसतच नाहीत. त्यांना उजेडात आणायला छोटा मॅक्रो लागतो: चालू वर्कबुकच्या 'नेम्स' संग्रहातल्या प्रत्येक नावाचा 'व्हिजिबल' गुणधर्म 'ट्रू' करायचा, बस. व्हिज्युअल बेसिकच्या खिडकीत कंट्रोल-जी दाबून उघडणाऱ्या 'इमिजिएट' पट्टीत तो एका ओळीतही चालतो. उजेडात आलेलं सगळं उडवू नका. छपाईचं क्षेत्र, फिल्टरचा पट्टा, 'सॉल्व्हर'ची नावं आणि अधोरेषा-एक्सएलएफएन अशी सुरुवात असलेली नावं एक्सेलनं स्वतःच्या कामासाठी ठेवलेली असतात. ज्यात बाहेरच्या फाइलचा पत्ता आहे, तेवढीच काढायची.

ड्रॉपडाउन आणि रंगांचे नियम

नावं साफ करूनही लिंक उरली तर बहुधा ती इथं असते. मला सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागाही हीच वाटते, कारण कंट्रोल-एफ इथं उपयोगी पडत नाही.

गंमत म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंगच्या नियमात दुसऱ्या वर्कबुकचा पत्ता हातानं लिहू गेलात तर एक्सेल चक्क नकार देतं. पण शीट कॉपी झाली की तोच पत्ता मागच्या दारानं आत येतो. एक्सेल २०१०पासून नियमात त्याच फाइलमधल्या दुसऱ्या शीटचा संदर्भ देता येऊ लागला. 'थकबाकी' शीटवर ज्या सदस्याची बाकी मर्यादेपेक्षा जास्त त्याची ओळ लाल करायची, आणि ती मर्यादा दुसऱ्या शीटवर लिहिलेली. ही शीट एकटी कॉपी केली की मर्यादेचा पत्ता जुन्या फाइलचा होतो.

शोधायला: 'होम', 'कंडिशनल फॉरमॅटिंग', 'मॅनेज रूल्स', आणि वर 'धिस वर्कशीट' निवडा. प्रत्येक शीटसाठी हे पुन्हा करायचं. नियमांची यादी लांबलचक आणि एकसारखी दिसेल, कारण ओळी कॉपी-पेस्ट करताना एक्सेल नियमांचे तुकडे करत जातं. अशा वेळी मी एकेक नियम तपासत बसत नाही. त्या शीटचे सगळे नियम काढून टाकून, लागतात ते नव्यानं लिहितो. हिशेबाच्या शीटवर खरे नियम क्वचितच मूठभरापेक्षा जास्त असतात.

ड्रॉपडाउनसाठी एफ५, 'स्पेशल', 'डेटा व्हॅलिडेशन', 'ऑल'. ज्या सेलवर काही नियम आहे ते सगळे निवडले जातात. मग त्यांतल्या वेगवेगळ्या गटांवर जाऊन 'डेटा व्हॅलिडेशन'च्या खिडकीत 'सोर्स' बघा. एक सोपी खूणही आहे: सेलच्या बाजूला बाण दिसतो पण दाबल्यावर यादी उघडत नाही, आणि जुनी फाइल उघडी ठेवली की उघडते. तसं असेल तर सोर्स बाहेरचा आहे. सोर्समध्ये पत्त्याऐवजी एखादं नाव असेल तर पुन्हा नेम मॅनेजरकडे.

शीट्स पुष्कळ असतील तर थोडा आडमार्ग आहे. 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'चेक कंपॅटिबिलिटी'. हे खरं तर फाइल जुन्या एक्सेलमध्ये चालेल का ते सांगण्यासाठी आहे. पण दुसऱ्या शीटचा संदर्भ असलेले व्हॅलिडेशन आणि फॉरमॅटिंगचे नियम जुन्या आवृत्तीला पेलत नाहीत, म्हणून हा तपास ते कुठल्या शीटवर, कुठल्या सेलमध्ये आहेत याचा अहवाल देतो. 'कॉपी टू न्यू शीट' दाबलं की तो कागदावर घेण्याजोगा होतो. त्यात आतल्या शीट्सचे निर्दोष संदर्भही असतात, तरी अख्खी फाइल चाळण्यापेक्षा परवडतं.

उरलेल्या जागा, भराभर

चार्टच्या एखाद्या रेषेवर किंवा स्तंभावर क्लिक करा, वर फॉर्म्युला बारमध्ये 'सिरीज' सुरू होतो, त्यात फाइलचं नाव आहे का बघा. चार्टचं शीर्षकही वेगळं तपासा, तेही सेलशी जोडलेलं असू शकतं. मजकुराच्या चौकटी आणि आकृत्या एफ५, 'स्पेशल', 'ऑब्जेक्ट्स'नं एकदम निवडल्या जातात. मग टॅब दाबत एकेकीवर जायचं. बटण असेल तर राइट क्लिक आणि 'असाइन मॅक्रो': मॅक्रोच्या नावाआधी दुसऱ्या फाइलचं नाव दिसलं की तोच चोर. पिव्हट टेबलसाठी 'चेंज डेटा सोर्स'.

अक्षरी रक्कम

ही जागा वेगळी सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या पावत्या-बिलांत ती वारंवार भेटते. रक्कम अक्षरी लिहिण्यासाठी, लाख-कोटींच्या हिशेबात, एक्सेलमध्ये तयार फॉर्म्युला नाही. म्हणून लोक कुठून तरी मिळालेलं छोटं जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे अ‍ॅड-इन बसवतात. ज्या संगणकावर ते बसवलंय तिथं सगळं सुरळीत चालतं. तीच फाइल सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर उघडली की फॉर्म्युल्याआधी पहिल्या संगणकावरच्या अ‍ॅड-इनचा अख्खा पत्ता चिकटलेला दिसतो, आणि एक्सेल तिला बाहेरची लिंक मानतं.

इथं ब्रेक लिंक दाबणं सगळ्यात महागात पडतं. अक्षरी रकमेचा फॉर्म्युला पुसला जाऊन शब्द गोठतात. पुढच्या महिन्यात आकडा बदलतो, शब्द तेच राहतात, आणि पावतीवर आकड्यात एक रक्कम आणि अक्षरी दुसरीच. त्यापेक्षा दोन मार्ग बरे. एक, दुसऱ्या संगणकावरही तेच अ‍ॅड-इन बसवा आणि 'चेंज सोर्स'नं तिथल्या अ‍ॅड-इनकडे वळवा. दोन, तो फंक्शनचा कोड वर्कबुकमध्येच एका मोड्यूलमध्ये ठेवा, फाइल मॅक्रो चालणाऱ्या प्रकारात सेव्ह करा आणि फॉर्म्युल्यातून बाहेरचा पत्ता 'रिप्लेस'नं काढून टाका. फाइल हातोहात फिरणार असेल तर मी दुसरा निवडेन.

तरीही सापडत नसेल: फाइल फोडून बघा

एक्सेल २००७पासून आलेली एक्सएलएसएक्स फाइल आतून झिप असते. तिची प्रत करा, शेवटचं एक्सएलएसएक्स काढून झिप लिहा (विंडोजमध्ये आधी 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दिसतील असं करा) आणि उघडा. आत 'एक्सएल' नावाचं फोल्डर, त्यात 'एक्स्टर्नल लिंक्स'. हे फोल्डरच नसेल तर या लेखातल्या बहुतेक प्रकारची लिंक फाइलमध्ये उरलेली नाही. असेल, तर आत क्रमांक घातलेल्या छोट्या फाइली दिसतील, आणि त्यांच्या शेजारच्या 'रेल्स' फोल्डरमध्ये प्रत्येकीचा पूर्ण पत्ता.

इथून पुढची किल्ली म्हणजे क्रमांक. फाइलच्या पोटात फॉर्म्युल्यात पूर्ण पत्ता लिहिलेला नसतो, चौकोनी कंसात नुसता [१] किंवा [२] असतो, अर्थात इंग्रजी आकड्यात. तो शोधायचा: 'वर्कशीट्स' फोल्डरमधल्या शीट्समध्ये, 'वर्कबुक' नावाच्या फाइलमध्ये (नावं इथं असतात), 'चार्ट्स'मध्ये, 'ड्रॉइंग्ज'मध्ये. नोटपॅडमध्ये एकेक उघडण्याऐवजी अख्ख्या फोल्डरमध्ये शोध घेणारा एखादा संपादक, उदाहरणार्थ व्हीएस कोड, वापरला तर काम पटकन होतं. शीटच्या फाइलचा क्रमांक आणि टॅबचा क्रम जुळेलच असं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

जागा कळली की मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून तिथून काढा. झिपमधूनच फाइल डिलीट करायचा मोह होतो. तसं केलं की एक्सेल फाइल बिघडल्याचं सांगून दुरुस्ती करायला घेतं, आणि त्या दुरुस्तीत काय गेलं ते शोधणं हे नवीन काम होऊन बसतं. फाइलला उघडण्याचा पासवर्ड असेल तर ती झिप म्हणून उघडणार नाही, आधी पासवर्ड काढा. जुनी एक्सएलएस फाइल झिप नसतेच, आधी नव्या प्रकारात सेव्ह करा.

हे सगळं वारंवार करावं लागत असेल तर बिल मॅनव्हिल यांचं 'फाइंडलिंक' हे मोफत अ‍ॅड-इन बरंच शोधकाम स्वतः करतं.

त्या फोल्डरमध्ये आणखी काय असतं

एवढ्या खटपटीत पडायचं कशाला, इशारा आला तर 'डोन्ट अपडेट' दाबू, असं म्हणणाऱ्यांना मी ते 'एक्स्टर्नल लिंक्स' फोल्डर उघडून दाखवतो.

लिंकच्या त्या छोट्या फाइलमध्ये नुसता पत्ता नसतो. मूळ फाइल हाताशी नसतानाही आकडे दिसावेत म्हणून एक्सेल तिकडच्या संबंधित सेलमधली माहिती इथं साठवून ठेवतं, शीट्सच्या नावांसकट. 'व्हीलूकअप' या शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्यानं सदस्यांच्या यादीतून फक्त नाव आणायचं, पण पट्टा दिलाय ए ते एच. मग त्या आठही स्तंभांतली माहिती नव्या फाइलच्या पोटात येते: फोन नंबर, भाडेकरूचं नाव, थकबाकी, जे काही असेल ते. पडद्यावर काहीच दिसत नाही. ती फाइल सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की ज्याला झिप उघडता येतं त्याच्या हाती सगळी यादी. पगाराच्या फाइलींबाबत तर विचारूच नका. एका पानाची साधी फाइल अनेक एमबींची का झाली, याचंही उत्तर बऱ्याचदा इथंच असतं. शिवाय पत्त्यात तयार करणाऱ्याच्या संगणकावरचं वापरकर्त्याचं नावही दिसू शकतं.

म्हणून बाहेर पाठवायच्या फाइलमध्ये लिंक ठेवूच नये. ठेवणं भागच असेल तर 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'व्हेन कॅलक्युलेटिंग धिस वर्कबुक'खाली 'सेव्ह एक्स्टर्नल लिंक व्हॅल्यूज' ही खूण काढा आणि मग सेव्ह करा. 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' लिंक्स असल्याचं सांगतं, पण त्या काढून देत नाही.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

नव्या वर्षाची फाइल करताना कोरी फाइल उघडून त्यात एकेक शीट आणू नका. जुनी फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करा आणि आतल्या नोंदी पुसा. शीट्स हलवायच्याच असतील तर एकमेकींवर अवलंबून असलेल्या सगळ्या कंट्रोल धरून एकत्र निवडा आणि एकाच वेळी कॉपी करा. मग त्यांचे आपसांतले संदर्भ आतच राहतात.

नुसते फॉर्म्युले हलवायचे असतील तर आधी 'रिप्लेस'नं = या चिन्हाऐवजी #= करून टाका. फॉर्म्युले साधा मजकूर होतात. कॉपी करा, नव्या फाइलमध्ये पेस्ट करा आणि उलटा बदल करा. ते नव्या फाइलच्याच शीट्सकडे बघू लागतात. जुन्या फाइलमध्येही उलटा बदल करा, किंवा ती सेव्ह न करता बंद करा.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी: 'एडिट' मेनूत 'लिंक्स टू एक्स्टर्नल फाइल्स' आहे, तोडायची सोय तिथंच. गूगल शीट्समध्ये अशी यादी देणारी खिडकी नाही. तिथं 'फाइंड अँड रिप्लेस' उघडून 'फॉर्म्युलांमध्येही शोधा' ही खूण करा, सगळ्या शीट्स निवडा आणि 'इम्पोर्टरेंज' शोधा. त्यातही एक मेख आहे. 'अलाउ अ‍ॅक्सेस' एकदा दाबलं की नव्या शीटमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेला कुणीही मूळ शीटच्या कुठल्याही भागातून माहिती ओढू शकतो, तुम्ही फॉर्म्युल्यात दिलेल्या पट्ट्यापुरतीच नव्हे. तेव्हा मूळ सदस्ययादीला थेट जोडू नका. लागतात तेवढेच स्तंभ एका वेगळ्या शीट फाइलमध्ये काढा आणि जोडायचं तर तिला जोडा.